मायनरचे चिकटणारे ब्रेक : अखेर कारण सापडले

गेल्या रविवारी माझी मायनर, म्हणजे मॉरिस कंपनीची जुनी ब्रिटिश मोटार, इंग्लंडमधल्या लेमिंग्टनहून निघाली, फॉस वेच्या सरळ रोमन रस्त्याने दक्षिणेकडे गेली, गेडन गावावरून वळसा घालून एकूण ४४ मैल फिरून घरी आली, आणि मी दारात उतरून चाकांच्या चारही ब्रेक ड्रमांवर तापमापक धरला तेव्हा पुढच्या डाव्या ड्रमचे तापमान ५८ अंश सेल्सिअस भरले. पाय काढल्यावरही ब्रेक चिकटून राहत आणि ड्रम तापत, त्याचे मे महिन्यापासूनचे माझ्या नोंदींतले आकडे ज्यांनी वाचले आहेत, त्यांना या ५८चे मोल वेगळे सांगायला नको. याच ड्रमने जूनमध्ये १४१ अंश दाखवले होते आणि चाकाच्या वाटीवर पडलेला पावसाचा थेंब चुर्र करून उडाला होता. चार महिने, तीन होज पाइप, एक नवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा) आणि टॉर्शन बारशी (पुढच्या चाकांना स्प्रिंगचे काम देणाऱ्या लांब दांडीशी) झालेल्या दोन झटापटी यांच्यानंतर जे कारण निघाले, ते सांगताना थोडी लाज वाटते आहे. परंतु मे महिन्यात मी ज्या कामाची छायाचित्रे मोठ्या कौतुकाने दाखवली होती, त्याच कामात ते दडलेले असल्यामुळे सांगणे भाग आहे.

लक्षण पहिल्यापासून एकच होते. गाडी थंड असताना ब्रेक उत्तम लागत आणि तितकेच उत्तम सुटत. सहा-सात मैलांनंतर मात्र पेडल हळूहळू उंच आणि कडक होत जाई, गिअर काढून उतारावर सोडली तरी गाडी जागची हलत नसे, आणि अर्धा तास सावलीत उभी केली की जणू काही झालेच नाही अशी निघे. एकदा मागून येणाऱ्या मित्राने थांबवून सांगितले की माझा ब्रेकचा लाल दिवा दोन मैल विझलेलाच नाही. मायनरमध्ये या दिव्याचा स्विच पेडलवर बसवलेला नसतो, तो पाइपमधल्या ऑइलच्या दाबावर चालतो. म्हणजे पेडलवरून पाय काढल्यावरही पाइपमध्ये दाब अडकून राहत होता, याची साक्ष तो दिवा सर्वांना देत फिरत होता आणि ती न वाचणारा त्या गाडीत मी एकटाच होतो.

पुढचे डावे चाक सर्वांत जास्त तापत असल्यामुळे माझे सगळे लक्ष तेथेच खिळले. चाकातील छिद्रातून स्क्रूड्रायव्हर घालून ॲडजस्टर सैल केले, नंतर शूजवरचे (ड्रमला आतून टेकून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांवरचे) लायनर काढून घासले, शूजच्या टेकण्याच्या जागांना ग्रीस लावले, शूज ढकलणारे दोन्ही व्हील सिलिंडर खोलून पिस्टन बोटाने सरकतात याची खात्री केली. त्यानंतर संशय गेला होज पाइपवर. जुना रबरी होज आतून फुगला की ऑइल जोराने पुढे जाऊ देतो पण सावकाश परत येऊ देत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. परंतु माझे होज जेमतेम दोन वर्षांचे होते. तरीही पुढचे दोन आणि मागच्या ॲक्सलकडे जाणारा एक असे तिन्ही बदलले आणि जुलैच्या नोंदीत ते विकणाऱ्या दुकानदाराच्या मालाविषयी चार कडक वाक्ये लिहिली. ती वाक्ये मी येथे जाहीरपणे मागे घेतो. जुने होज उभे चिरून पाहिले, आतून ते अगदी स्वच्छ आहेत. लोखंडी पाइपही त्याच वेळी काढून तांबे-निकेलचे घातले, आणि त्याचा मात्र पश्चात्ताप नाही. नुसत्या तांब्याच्या पाइपपेक्षा हा पाइप थोडा ताठ असतो, टोक फुलवताना हात जरा जपून चालवावा लागतो, पण हादऱ्यांनी कडक होऊन तडकण्याची धास्ती कमी आणि गंजण्याचा प्रश्नच नाही.

ऑगस्टमध्ये अखेर जी चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती ती केली. गाडी पूर्ण जाम झाल्यावर रस्त्याच्या कडेला थांबवून एका चाकाचा ब्लीड निपल (ऑइलमधली हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू) पाव वळसा सैल केला. ऑइलची बारीक पिचकारी उडाली, आणि ते एकच नव्हे तर चारही चाके त्याच क्षणी मोकळी झाली. मायनरचे ब्रेक एकाच सर्किटचे असल्यामुळे याचा अर्थ सरळ होता. दोष चाकांपाशी नव्हता, ज्या ठिकाणाहून सर्व पाइप निघतात तेथे, म्हणजे मास्टर सिलिंडरपाशी होता.

या सिलिंडरच्या टाकीतून आत जाणारे एक अगदी बारीक छिद्र असते. पेडल पूर्ण वर आले की पिस्टनपुढचा मुख्य रबरी कप त्या छिद्राच्या मागे सरकतो आणि तापून प्रसरण पावलेले ऑइल तेथून टाकीत परत जाते. कप केसभर जरी पुढे राहिला तरी ते छिद्र झाकले जाते. मग ऑइल तापते, फुगते, परत जायला वाट नसल्यामुळे शूज ड्रमला टेकतात, घर्षणाने ड्रम आणखी तापतो, आणि हे चक्र आपले आपण वाढत जाते. शिवाय पाय झटकन काढला की पिस्टनच्या डोक्यातील भोकांतून, कपाच्या कडेने, थोडे जादा ऑइल पुढे शिरते. तेही याच छिद्रातून परतायचे असते. सहा-सात मैलांचे कोडे यात पुरते उलगडत होते.

मायनरचा मास्टर सिलिंडर काढणे म्हणजे काय, हे येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही, तरी मन हलके करण्यापुरते सांगतो. ड्रायव्हरच्या पायांखाली, चॅसिसच्या पोकळ पट्टीच्या आत हा सिलिंडर बसवलेला आहे, आणि त्याचे दोन लांब बोल्ट ज्या बाजूने बाहेर यायला हवेत त्याच बाजूने टॉर्शन बार जातो. बारवरचा ताण काढून, त्याची जागा पांढऱ्या रंगाने खुणेने राखून, तो बाजूला घेतल्याशिवाय बोल्ट बाहेर येत नाहीत. काही जण बोल्टच कापून टाकतात. मला ते पटत नाही. मायनरचा आराखडा करणाऱ्या इसिगोनिस यांना मी त्या शनिवारी बरीच दूषणे दिली. नंतर विचार केला, तेव्हा पेडले गाडीच्या जमिनीतून वर येत असतील तर सिलिंडर जमिनीखाली ठेवणे हेच सर्वांत सरळ होते हे मान्य करावे लागले. उत्पादन सुरू होण्याच्या तोंडावर तयार नमुना मधोमध उभा चिरून गाडी चार इंचांनी रुंद करणाऱ्या माणसाकडून, सत्तरहून अधिक वर्षांनी गॅरेजमध्ये पाठीवर झोपणाऱ्याच्या सोयीचा विचार होईल ही अपेक्षाच चूक होती. नवा सिलिंडर बसवताना बोल्ट उलट्या बाजूने घातले, म्हणजे पुढच्या वेळी टॉर्शन बारला हात लावावा लागणार नाही. ज्यांचा सिलिंडर सध्या बाहेर आहे त्यांनी हे अवश्य करावे.

नवा सिलिंडर बसवला, एअर काढली, गाडी फिरवली, आणि आठव्या मैलाला ती पुन्हा जाम झाली.

येथे मी खरोखर हताश झालो. कोल्हापूरला माझे मामा तीस वर्षे ॲम्बॅसेडर दुरुस्त करत होते, आणि ॲम्बॅसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डचीच लेक असल्यामुळे मायनर त्यांना नात्यातली वाटते. त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : "पेडलला प्ले आहे का?" मी दुसऱ्या दिवशी मोजला. पुशरॉड (पेडलचा दाब पुढे नेणारी दांडी) आणि पिस्टन यांच्यामध्ये १/३२ इंच इतकी मोकळीक हवी, ती बरोबर तितकीच होती. टाकीचे बूच उघडून, टॉर्च आणि छोटा आरसा धरून पत्नीला पेडल हलकेच दाबायला सांगितले. पहिल्या हालचालीला ऑइलच्या पृष्ठभागावर बारीक तरंग उठला. छिद्र उघडे होते. मामांना तसे कळवले. ते म्हणाले, "मग ब्रेक चिकटायला नकोत," आणि गप्प बसले. त्या शांततेचा अर्थ मला आता कळतो.

मायनरच्या ब्रेक ऑइलची टाकी पाहायची असेल तर जमिनीतले गोल रबरी बूच काढावे लागते, आणि ते बूच काढायचे तर आधी ड्रायव्हरच्या पायाखालचे कार्पेट उचलावे लागते. म्हणजे मी केलेली प्रत्येक तपासणी, प्रत्येक मोजमाप, आरशात पाहिलेला प्रत्येक तरंग, सगळे कार्पेट बाहेर असताना झालेले होते. आणि गाडी जाम झाल्याची प्रत्येक फेरी कार्पेट नीट अंथरून, कडा दाबून, गाडी नीटनेटकी करून झालेली होती. दोष शोधायला बसलो की मी स्वतःच तो उचलून वॉशिंग मशिनवर ठेवत होतो.

हे कळण्याचे श्रेय पुढच्या काचेच्या गळक्या रबराला आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने ड्रायव्हरच्या बाजूचे कार्पेट पिळून काढण्याइतके भिजले, ते दोरीवर वाळत टाकले आणि तशीच उघड्या पत्र्याची गाडी घेऊन मी पेट्रोल भरायला गेलो. मनात राग होता, म्हणून ती जाम होईपर्यंत चालवायचीच असे ठरवले. वीस मैल झाले, ब्रेक मोकळे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पंचवीस मैल, ब्रेक मोकळे. तिसऱ्या दिवशी वाळलेले कार्पेट अंथरले आणि साउथम गावाच्या अलीकडेच पेडल दगडासारखे झाले. गाडी तेथेच बाजूला घेतली, वाकून कार्पेटची कड पेडलच्या दांड्यापासून मागे ओढली, आणि पेडल टक् असा आवाज करून वर आले.

आठवत असेल, मूळ रबरी मॅटऐवजी मी जाड लोकरी कार्पेट आणि त्याखाली आवाज अडवणारे फेल्ट घातले होते, आणि पेडलांसाठीच्या फटी स्वतः कापून त्यांच्या कडांना चामड्याची किनार शिवून घेतली होती. ती किनार फार शोभून दिसते हे मी आजही म्हणेन. पण फट मागच्या बाजूला अपुरी होती. पेडलच्या दांड्यावर चिकटपट्टी लावून दोन्ही स्थिती मोजल्या, तेव्हा जमिनीच्या पातळीवर ४ मिलिमीटरचा आणि पेडलच्या टोकाशी ९ मिलिमीटरचा फरक भरला. पुशरॉडपाशी हेच दीड-दोन मिलिमीटर होतात, म्हणजे ठेवलेला प्ले सगळा खाऊन कप छिद्रावर नेऊन बसवायला पुरेसे. ब्लेडने फट १२ मिलिमीटर मागे वाढवली. दहा मिनिटे लागली. किनार पुन्हा शिवायची आहे.

हिवाळ्यात टाकी बल्कहेडवर (इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर) नेण्याचा, म्हणजे कार्पेट न उचलता ऑइल पाहता येईल असा पाइप ओढण्याचा विचार मी मागे मांडला होता आणि त्याचे सामानही एका दुकानातून मागवण्याच्या बेतात होतो. आता तो बेत रद्द. त्याऐवजी बुचाच्या वर कार्पेटमध्ये बटणे लावलेली एक झडप कापून घेतो. पाइपचे जोड जितके कमी तितके गळतीचे संशयित कमी.

आणि हे लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट सुचली. ब्रेकच्या दिव्याचा स्विच दाबावर चालत असेल, तर त्याच तारेला समांतर एक लहान दिवा डॅशबोर्डखाली लावता येईल. पाय पेडलवर नसताना तो पेटलेला दिसला की पाइपमध्ये दाब अडकला आहे हे ड्रम तापण्याच्या कितीतरी आधी कळेल. माझी गाडी अजून मूळच्या पॉझिटिव्ह अर्थवर आहे, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले आहे, त्यामुळे एलईडी लावायचा तर तारा उलट जोडण्याचे भान ठेवावे लागेल. मी साधा २.२ वॅटचाच बल्ब लावणार आहे, त्याला दिशा कळत नाही. स्मिथ्स कंपनीच्या मीटरच्या डावीकडे त्याला जागा आहे. डॅशबोर्डला मात्र भोक पाडणार नाही, पट्टीवर बसवीन.

एमओटीची, म्हणजे ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीची, सक्ती या वयाच्या गाड्यांना २०१८ पासून नाही, तरी मी दरवर्षी स्वखुशीने करून घेतो, आणि यंदाच्या तपासणीत रोलरवर चारही ब्रेक निर्दोष ठरले होते. ते केंद्र माझ्या घरापासून एक मैलावर आहे, हे लक्षात घेतले तर त्यात त्यांची काही चूक नाही. पुढच्या वर्षी दहा मैलांचा वळसा घालून जाईन.

बाकी प्रगती थोडी. एसयू कंपनीच्या विजेवरच्या पेट्रोल पंपाचे पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) घासल्यापासून त्याची टकटक किल्ली फिरवताच सुरू होते आणि सहा-सात ठोक्यांत शांत होते. सकाळी ती ऐकण्यासाठी मी इंजिन सुरू करायला मुद्दाम क्षणभर थांबतो. पुढच्या ट्रनियनांना (चाके वळवणाऱ्या सांध्यांना) ग्रीस देऊन झाले. काचेचे रबर मागवले आहे. जुने काढून नवे बसवताना दोरीने रबराचा ओठ ओढून घेण्याची पद्धत मला माहीत आहे, पण वक्र काचेच्या खालच्या कोपऱ्यांत ती हमखास सुटते असे ऐकतो. ज्यांनी हे एकट्याने केले आहे त्यांनी साबणाचे पाणी वापरले की सिलिकॉनचा फवारा, तेवढे कृपया कळवावे. रबर गुरुवारी येणार आहे, आणि तोवर कार्पेट घरातच राहील.