वीस मिनिटांची डिस्क

धाकट्या भावाचं लग्न ठरलं २००७ मध्ये आणि त्या निमित्ताने घरात व्हिडिओ कॅमेरा घ्यायचं पक्कं झालं. दुकानात तेव्हा तीन प्रकार होते: मिनीडीव्ही कॅसेटवाले, पोटातच हार्ड डिस्क असलेले, आणि ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारे. ओळखीचे एक स्टुडिओवाले म्हणाले, ‘ताई, कॅसेटवालाच घ्या, एडिटिंगला तोच बरा.’ त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण कॅसेट संगणकात उतरवायची म्हणजे फायरवायरची केबल हवी, ती लागेल असा संगणक हवा, शिवाय ६० मिनिटांची कॅसेट उतरवायला ६० मिनिटं बसायला हवं. आमच्याकडे संगणकच नव्हता. डीव्हीडी प्लेअर मात्र होता, आईकडे होता, मावशीकडे होता, अगदी गावच्या घरीही होता. कॅमेऱ्यातून डिस्क काढायची, प्लेअरमध्ये घालायची, सगळ्यांनी बसून बघायचं. दुकानदाराने एवढं एकच वाक्य ऐकवलं आणि कॅमेरा आमचा झाला.

हिताचीने असा पहिला कॅमेरा २००० साली आणला होता. आम्ही घेईपर्यंत सोनी, पॅनासोनिक, कॅनन सगळ्यांचेच आले होते आणि वापरायची रीत थोड्याफार फरकाने तीच होती.

दुकानदाराने न सांगितलेली गोष्ट म्हणजे वेळ. मोठ्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, या छोटीत १.४. सगळ्यात चांगल्या दर्जाला ठेवलं तर कॅमेरा सेकंदाला साधारण ९ मेगाबिट लिहितो. म्हणजे एका डिस्कवर जेमतेम २० मिनिटं. मधल्या दर्जाला ३०, आणि सगळ्यात खालच्या दर्जाला सुमारे तासभर. तासभराचा मोह प्रत्येकाला होतो. मी बारशाला करून पाहिला, पाळणा म्हणेपर्यंत चित्र बरं होतं. पण साखरपुड्याला अक्षता पडल्या आणि पडद्यावर नुसते चौकोनच चौकोन. हा एमपीईजी-२चा, म्हणजे चित्रं दाबून साठवायच्या पद्धतीचा, स्वभाव आहे. एका चित्रातून पुढच्या चित्रात काय बदललं एवढंच तो मुख्यतः लिहून ठेवतो. माणसं बसलेली असली की बदल थोडा, भागतं. पण शेकडो तांदूळ एकदम हवेत उडाले की सगळं चित्रच बदलतं आणि खालच्या दर्जाला तेवढं लिहायची जागाच नसते. तेव्हापासून लग्नाला, आरतीला, फटाक्यांना वरचा दर्जा. कंटाळवाण्या भाषणांना खालचा.

लग्नात मग पूर्ण बेतच त्या २० मिनिटांवर बांधावा लागला. सीमांतपूजन एका डिस्कवर, हळद दुसरीवर. मुहूर्तासाठी कोरी डिस्क, आणि तीसुद्धा नवरी बोहल्यावर यायच्या आधीच आत घालून ठेवलेली. नवी डिस्क घातली की कॅमेरा ती ओळखायला वेळ घेतो, आत घुर्र घुर्र चालतं, आणि तोवर बटण दाबून काही उपयोग नसतो. मंगलाष्टकं सुरू असताना डिस्क बदलायची वेळ आली तर अंतरपाट गेलाच म्हणून समजा. भाऊ पाटावर उभा राहूनही मला खुणेने विचारत होता, ‘ताई, डिस्क भरली का?’ त्याला मुंडावळ्यांपेक्षा याचीच काळजी.

मांडवात कॅमेऱ्याचं झाकण उघडायचं नाही, हा दुसरा नियम. कॅसेटच्या कॅमेऱ्यात निदान फीत डबीत बंद असते. इथे झाकण उघडलं की डिस्क उघडी आणि तिच्या बाजूला लेझरची भिंगही उघडी. हळदीची पूड, धूप, अक्षता, सगळं तिथे जाऊन बसायला तयार. मी डिस्क बदलायला दरवेळी वधूपक्षाच्या खोलीत जायचे. काकू म्हणायच्या, ‘हिला सारखं साडी सावरायला जावं लागतं.’

या मर्यादेचा एक फायदाही झाला आणि तो मला अजून पटतो. वीसच मिनिटं आहेत म्हटल्यावर हात आखडता राहतो. उगाच झूम करून मागेपुढे करत बसत नाही, बटण दाबण्याआधी काय घ्यायचं ते ठरवता. पुढे एडिटिंग होणारच नाही हे माहीत असल्याने तुकडे आपसूक नेमके निघतात. आमच्या त्या डिस्क आजही सलग बघवतात. फोनवर काढलेले तासनतासाचे व्हिडिओ कोण बघतं?

आता डिस्कच्या जातींबद्दल, कारण सगळं पुढचं रामायण इथूनच सुरू होतं. डीव्हीडी-आर ही एकदाच लिहिता येणारी, आणि डीव्हीडी-आरडब्ल्यू ही पुसून परत वापरता येणारी. आरडब्ल्यू घातली की कॅमेरा विचारतो, व्हिडिओ मोड की व्हीआर मोड. व्हीआरमध्ये नको ते तुकडे कॅमेऱ्यातच उडवता येतात, क्रम लावता येतो. पण ती डिस्क प्रत्येक प्लेअरवर चालत नाही, आणि डिस्क घेऊन सरळ मावशीकडे जाता यावं हाच तर कॅमेरा घेण्याचा हेतू होता. म्हणून घरच्या सरावाला आरडब्ल्यू, कार्यक्रमाला आर.

आणि डीव्हीडी-आरला शेवटी ‘फायनलाइझ’ करावं लागतं. रेकॉर्डिंग झाल्यावर कॅमेरा डिस्कवर अनुक्रमणिका आणि मेनू लिहितो, तिला बंद करतो, आणि मगच ती बाहेरच्या प्लेअरला समजते. तोवर ती साधारणतः ज्या कॅमेऱ्याने लिहिली त्यालाच वाचता येते. हे काम बॅटरीवर करायचं नाही, अडॅप्टर लावून, कॅमेरा टेबलावर ठेवून, कुणी धक्का मारणार नाही अशा जागी. यातली एक गंमत मॅन्युअलमध्ये लिहिली होती आणि अनुभवाने पटली: डिस्कवर जितकं कमी रेकॉर्डिंग, तितका फायनलाइझला जास्त वेळ. भरलेली डिस्क पटकन मिटते, चार मिनिटांची रेंगाळते. आम्ही राहायला चिपळूणला, पावसाळ्यात वीज कधी जाईल नेम नाही. त्यामुळे हे काम सकाळी, वीज टिकण्याची त्यातल्या त्यात खात्री असताना.

फायनलाइझ झालेल्या आर डिस्कवर पुन्हा काही लिहिता येत नाही. आणि या छोट्या डिस्क स्वस्त नव्हत्या, मोठ्या साध्या डिस्कच्या कितीतरी पट किंमत पडायची. मग आठ मिनिटं शिल्लक असलेली डिस्क बंद करायला कुणाचं मन होईल? ‘राहू दे, गणपतीत वापरू’ म्हणून ती तशीच ठेवली जायची. अशा अर्धवट डिस्क प्रत्येक घरी असणार, लिहून देते.

गणपतीचं आठवलं म्हणून सांगते. विसर्जनाला मी कॅमेरा घेऊन ट्रॉलीवर चढले होते. ढोल-ताशा, खालून इंजिनचा थरथराट, आणि कॅमेऱ्याने मधेच रेकॉर्डिंग बंद केलं. फिरत्या चकतीवर लेझरने लिहायचं असतं, तिला हादरे सहन होत नाहीत. खाली उतरून चालत शूट केलं तर ठीक. उलट घरात शांतता असली की माइकमध्ये डिस्कचीच बारीक घरघर यायची. आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्यात, त्यांच्याखाली ती सतत ऐकू येते.

मग फोन आले आणि कॅमेरा कपाटात गेला. गेल्या वर्षी आईकडचा डीव्हीडी प्लेअर बिघडला आणि नवा आणायला कुणी तयार होईना, तेव्हा सगळ्या डिस्क एकदा संगणकावर घ्यायच्या असं मीच मनावर घेतलं.

पहिलं म्हणजे ड्राइव्ह. यूएसबीला लावायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह अजून मिळतो. तो ट्रे बाहेर येणारा घ्यावा, ज्यात मधल्या खुंटीवर डिस्क टचकन बसते. फटीतून डिस्क आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ही छोटी डिस्क चुकूनही घालू नये, आत अडकून बसते. मग डिस्क पुसणं. कोकणात बुरशी येतेच, शिवाय प्लास्टिकच्या पाकिटांना डिस्क चिकटल्या होत्या. जुन्या मऊ सुती धोतराचा तुकडा, अगदीच लागलं तर पातळ साबणाचं पाणी, आणि मधून कडेकडे सरळ पुसायचं. गोल गोल नाही. गोल ओरखडा लेझरच्या वाटेबरोबर जातो आणि लांबलचक भाग खातो, आडवा ओरखडा ड्राइव्ह बहुतेक वेळा सांधून घेतो.

फायनलाइझ झालेल्या डिस्कचं काम सोपं. आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असतो, त्यात व्हिडिओच्या व्हीओबी फाइली. एक फाइल १ जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणून एकच कार्यक्रम दोन फाइलींत तुटलेला दिसतो, घाबरू नये. मी मेकएमकेव्ही हा प्रोग्रॅम वापरून त्यांची एकसंध फाइल केली. यात चित्र पुन्हा दाबलं जात नाही, जसंच्या तसं येतं, शिवाय बटण दाबल्याच्या जागाही खुणेसकट राहतात. ही मूळ प्रत. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायला हँडब्रेक या प्रोग्रॅममधून एमपी-४ फाइल वेगळी. त्यात ‘डीइंटरलेस’ चालू करायला विसरू नका, नाहीतर हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. जुन्या टीव्हीच्या ‘पाल’ (PAL) पद्धतीचं चित्र दोन भागांत, एकाआड एक रेघांनी बनलेलं असतं, त्याचा हा परिणाम. आणि माणसं बारीक दिसली तर कुणी उपास धरले होते असं नाही. ७२० बाय ५७६चं चित्र रुंद पडद्यासाठी ताणायचं असतं आणि काही प्लेअर ते ताणत नाहीत.

खरी कसोटी अर्धवट डिस्कची. ती घातली की विंडोज म्हणतं डिस्क कोरी आहे, आणि लगेच आपुलकीने विचारतं, पेन ड्राइव्हसारखी वापरायची का? तिथे फक्त ‘कॅन्सल’. होकार दिला तर ते डिस्क तयार करायला घेतं आणि आतलं सगळं जाऊ शकतं. भाच्याला मी आधीच दम दिला होता, ‘मावशीच्या डिस्कला मी नसताना हात लावायचा नाही.’

पहिला उपाय म्हणजे तो जुना कॅमेरा. बॅटरी अर्थातच मेली होती, पण फायनलाइझला तसाही अडॅप्टरच लागतो. मूळ अडॅप्टर सापडला नाही. गावातल्या दुरुस्तीवाल्या दादांनी कॅमेऱ्यावर छापलेला व्होल्ट आणि पिनची दिशा बघून दुसरा जुळवून दिला. कॅमेरा सुरू झाला, तारीख विचारली, आणि डिस्क ओळखल्या. एकेक डिस्क लावून, स्वयंपाक करता करता, फायनलाइझ केल्या. नंतर त्याही संगणकात उघडल्या.

दोन डिस्क मात्र कॅमेऱ्यानेही नाकारल्या. त्यातली एक आयसोबस्टर या प्रोग्रॅमने उघडली. तो फायनलाइझ न झालेल्या डिस्कमधूनही व्हिडिओ शोधून काढतो, मात्र ड्राइव्हने अशी डिस्क वाचायला हवी. लॅपटॉपच्या ड्राइव्हने नकार दिला, मेहुण्यांच्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने ऐकलं. दुसरी डिस्क जागोजागी खराब आहे. तिच्यावर सध्या डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम चालवते आहे. तो आधी वाचता येतो तेवढा भाग उचलतो, मग अडलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा जातो, आणि कुठपर्यंत पोचला ते एका फाइलीत टिपून ठेवतो. त्यामुळे मधे बंद करून दुसऱ्या ड्राइव्हवर तिथूनच पुढे चालू करता येतं. बराचसा भाग आला आहे. जो राहिलाय तो डिस्कच्या बाहेरच्या कडेचा, म्हणजे मुंजीच्या जेवणाच्या पंगतीचा.

सगळ्या फाइली आता दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक आमच्याकडे, एक भावाकडे पुण्याला. आईच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून देते. मूळ प्रत लावली तेव्हा चित्र आलं, आवाज आला नाही, कारण त्या टीव्हीला डीव्हीडीचा डॉल्बी आवाज यूएसबीवरून समजत नाही. आवाज एएसी या दुसऱ्या प्रकारात बदलून दिला, आता चालतंय. डिस्क टाकलेल्या नाहीत, कॅमेराही नाही. मावसबहिणीकडे अशाच अर्धवट डिस्क निघाल्यात आणि तिचा कॅमेरा कधीच भंगारात गेला. येत्या सुटीत ती त्या घेऊन येणार आहे. आमचा कॅमेरा तिच्या डिस्क ओळखतो का, ते तेव्हाच कळेल.