प्लाऊ येऊन गेला की खरं काम सुरू

काल रात्रीपासून एरी सरोवराने आमच्या अमेरिकेतल्या बफेलो शहरावर नुसता बर्फ ओतलाय. सरोवर अजून गोठलेलं नाही, त्यावरून कडक गार वारा येतो, वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आणून टाकतो. हा बर्फाचा पट्टा इतका अरुंद असतो की पलीकडच्या गावातला मित्र सकाळपासून उन्हाचे फोटो पाठवतोय. पाठव बाबा.

स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून फेकणारं मशीन, बाहेर काढला. भुसभुशीत बर्फाचं काही नाही, मशीन भसाभस गिळतं आणि लांब फेकतं. फक्त च्यूट, म्हणजे बर्फ बाहेर फेकणारी नळी, वारा जिकडे वाहतोय तिकडे वळवायची, नाहीतर सगळं आपल्याच तोंडावर. खरी कसोटी ड्राइव्हवेच्या टोकाला. तिथे प्लाऊ, म्हणजे रस्ता साफ करणारी गाडी, रस्त्यावरचा ओला, मीठमिश्रित बर्फ ढकलून चांगला गुडघाभर बांध घालून जातो. ऑगर, म्हणजे बर्फ आत ओढणारा फिरता स्क्रू, कुरकुरला, एक गोठलेलं ढेकूळ आत गेलं आणि खट्! ऑगरची शिअर पिन तुटली. ती तुटण्यासाठीच असते म्हणा, गिअरबॉक्स वाचवायला. इंजिन बंद केलं, ग्लोव्हज काढून गारठलेल्या बोटांनी नवी पिन बसवली. दोन मिनिटांचं काम, पण बोटांना विचारा! आणि च्यूट तुंबली तर हात अजिबात घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरी. दांडीनेच मोकळी करायची.

तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन. "अरे, ह्या कामाला माणूस नाही का मिळत?"

मिळतो गं. पण आज त्याच्या यादीत माझा नंबर संध्याकाळी लागला असता, आणि मला दुपारी ड्युटीवर जायचंय.