भेग छपराची होती

मराठवाड्यात जुन्या भिंतीला भेग दिसली की पहिलं नाव काळ्या मातीचं निघतं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण आमच्या तालुक्याच्या गावातल्या निजामी काळातल्या हॉकी पॅव्हेलियनमध्ये ते खरं नव्हतं. कौलं उतरवण्याच्या दिवशी ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उलगडलं, म्हणून ते तपशिलात लिहून ठेवतो आहे.

इमारत साधी आहे. ९ मीटर रुंद, २४ मीटर लांब एकच दालन, टोकाला आडव्या भिंतीपलीकडे खेळाडूंची कपडे बदलायची खोली, मैदानाकडे ओसरी. ६०० मिलिमीटर जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंती, जोडकाम चुन्याचं. वर दर ३ मीटरला सागवानी कैची, म्हणजे छप्पर पेलणारा लाकडी त्रिकोणी सांगाडा, त्यावर मंगलोरी कौलं. खेळ थांबल्यावर इथं आधी गोदाम झालं, मग नुसतं कुलूप. आता दालनात स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका, खेळाडूंच्या खोलीत बचत गटांच्या बैठका आणि ओसरी पूर्वीसारखीच मैदानासाठी, असं ठरलं होतं.

आमच्या हाती आलेल्या अंदाजपत्रकात सगळ्यात मोठी रक्कम पायाखाली काँक्रीट भरण्याची होती. कारण उत्तरेची लांब भिंत ओळंब्यात नव्हती. माथ्याला ३८ मिलिमीटर बाहेर झुकली होती, आणि ती जिथं आडव्या भिंतीला मिळते तिथं उभी भेग होती. वर ९ मिलिमीटर, खाली येत येत केसाएवढी.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी केल्या. भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळे बसवून त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरनं मोजायला घेतलं, आणि भेगेवर आडव्या काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवल्या. काळी माती उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात फुगते. तिच्यामुळं पडलेली भेग मे महिन्यात उघडते आणि ऑगस्टमध्ये मिटते. आमचे खिळे मे ते सप्टेंबर जागचे हलले नाहीत. मग भिंतीलगत खड्डा घेऊन पाया पाहिला. काळा थर दीड मीटरचा, आणि पायाचे दगड त्याच्याही खाली, १.८ मीटरवर कडक मुरमावर टेकलेले. बांधणाऱ्यांनी माती ओळखून पाया घेतला होता. भेगेच्या आत बॅटरी मारली तर कडांवर सफेदीचे थर दिसले. म्हणजे भेग जुनी, तिच्यावरून कित्येकदा चुना फिरलेला.

तरी झुकाव कशामुळं, याचं उत्तर हातात नव्हतं. छप्पर दुरुस्तीला घ्यायचंच होतं, कारण कैच्यांची टोकं भिंतीतल्या खोबणीत कुजली होती. टोचा मारला की बोटभर आत जायचा. ६ मिलिमीटरच्या ड्रिलनं भोक घेतलं तर धड लाकडातून पिवळसर कोरडा भुसा येतो आणि हाताला विरोध जाणवतो. इथं काळपट ओलसर भुगा यायचा. पूर्वी कुणीतरी खोबणी सिमेंटनं गच्च भरल्या होत्या आणि भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्याची भिंत पाणी पिते आणि सोडते. सिमेंटनं सोडायची वाट बंद केली, वळचणीचं पाणी खोबणीत मुरलं, आणि सागासारखं सागही कुजलं. भिंतीला खालून लोणा लागला, म्हणजे क्षार फुटून दगड-चुना झडायला लागला, तोही त्याच कारणानं.

कौलं उतरवण्याचा नियम असा की दोन्ही पाखाड्यांवरून, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांवरून, एकाच वेळी, आढ्याकडून वळचणीकडे, समोरासमोरच्या ओळी बरोबरीनं. एकच बाजू मोकळी केली तर कैचीवर एकीकडून भार राहतो आणि कमकुवत सांधा तिथंच उघडतो. रीपांसह कौलांचं वजन चौरस मीटरला साधारण ६५ किलो धरतात. आमच्या एका कैचीवर दोन्ही पाखाड्या मिळून ३१ चौरस मीटर छप्पर येत होतं, म्हणजे दोन टन. कैचीचं स्वतःचं आणि कैच्यांवरच्या आडव्या पाटांचं लाकूड सहाशे किलोच्या घरात. त्यामुळं कौलं-रीपा गेल्या की कैचीच्या एका टोकावर तेराशे किलोंऐवजी जेमतेम तीनशे किलो उरतात. जॅक लावायचा तो त्यानंतर, आधी नाही.

त्या दिवशी जॅक लावायचेच नव्हते. कैच्यांखाली नुसते सावधगिरीचे टेकू दिले होते, लाकडाला टेकलेले पण ताण न दिलेले. दोन्ही पाखाड्यांवर माणसं, मध्ये शिडीवर कौलं हातोहात खाली. तिसरा गाळा, म्हणजे दोन कैच्यांमधला भाग, मोकळा होत असताना आडव्या भिंतीजवळ लक्ष ठेवून असलेल्या सुतारकामाच्या चाचांनी आवाज दिला, "साहेब, काच तडकली!"

"चाचा, सगळ्यांना थांबवा. वरून कुणी उतरू नका, जागेवर बसा."

काच फुटली की भिंत सरकते आहे असंच मनात येतं, आणि पहिला विचार टेकू आवळण्याचा. तो करू नये. कोणत्या बाजूला सरकली ते कळायच्या आत जोर लावला तर उलट्या दिशेनं ढकलण्याची शक्यता असते. आधी खिळे मोजले. सकाळी १५०.० मिलिमीटर होतं ते १४९.६ भरलं. चाचांनी काचेचे तुकडे बोटानं चाचपले. दोन्ही कडा एकमेकींवर चढल्या होत्या.

"फाकली नाही साहेब, दबलीय."

भेग मिटत होती. आम्ही भिंतीला हातही लावला नव्हता, फक्त वरचं वजन कमी केलं होतं. तिथं कोडं सुटलं. कैचीचे दोन तिरपे वासे भाराखाली पाय फाकवायला बघतात. त्यांना धरून ठेवते ती तळाची आडवी तुळई. वासा आणि तुळई यांचा सांधा नेमका भिंतीतल्या त्या कुजक्या टोकात होता. सांधा गेल्यावर वाशांचा रेटा थेट भिंतीच्या माथ्यावर आला आणि भिंत वरून बाहेर झुकली. भेग वर रुंद आणि खाली बारीक का, ऋतूनुसार हलत का नाही, पाया धड असून ओळंबा का चुकला, हे सगळं एका कारणात बसलं. पुढं तासाभरानं काम परत सुरू केलं, प्रत्येक गाळ्यानंतर खिळे मोजत. संध्याकाळी सगळं छप्पर उघडं झालं तेव्हा अंतर १४९.१ होतं, आणि नंतर तिथंच राहिलं.

पायाखालचं काँक्रीट रद्द करायला लेखी कारण द्यावं लागतं. खड्ड्याचे फोटो, पाच महिन्यांचे आकडे आणि त्या एका दिवसाचा तासातासाचा तक्ता जोडला, तेव्हा ते मान्य झालं. पायाला हात लावला असता तर नुकसानच होतं. धड बसलेल्या पायाखाली तुकड्यातुकड्यानं खोदणं म्हणजे नवा असमान खचाव तयार करणं.

खरी दुरुस्ती वर होती. कुजका भाग धड लाकूड लागेपर्यंत कापला. कुठं ५०० मिलिमीटर, कुठं ८००. जोडायला जुन्या वाड्यांतून निघालेलं सागवान घेतलं. नव्या लाकडाचा ओलावा सुकताना सांधे सैल होतात, जुनं लाकूड आधीच बसलेलं असतं. मात्र करवतीवर घालण्याआधी चुंबक फिरवून खिळे काढावेत, नाहीतर पातं जातं. सांधा तिरप्या लांब कापाचा, लांबी तुळईच्या उंचीच्या चौपट, दोन्ही बाजूंनी ८ मिलिमीटर लोखंडी पट्ट्या आणि १६ मिलिमीटरचे बोल्ट. बोल्टखाली ५० मिलिमीटरचे चौकोनी वॉशर हवेतच. गोल छोटा वॉशर सागातही रुततो.

कैची उचलताना जॅक कुठं लावायचा हा प्रश्न नाजूक आहे. मधोमध लावणं सोपं वाटतं, पण किंगपोस्ट कैचीत मधला खांब तळतुळईला वरून लटकवून धरतो. खालून मध्ये रेटलं की त्याच्यावरचा ताण उलटतो आणि ताणासाठी केलेले सांधे दाबाखाली निसटतात. म्हणून भिंतीच्या जितकं जवळ धड लाकूड मिळेल तितक्या जवळ टेकू, आणि त्याआधी वासा व तुळई यांच्यात लाकडी ठोकळा घालून दोन्ही क्लॅम्पनं एकत्र आवळलेले. दहा टनी स्क्रू जॅक, दोन्ही टोकांना एकाच वेळी पाव-पाव फेरा, पातळी पाण्याच्या नळीनं. एकूण उचल १० मिलिमीटरच्या आत. जॅकखाली शहाबादी फरशीवर रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचा तुकडा टाकला. सरळ फरशीवर ठेवला की फरशी फुटून जॅक कलंडतो.

नवं टोक घडीव दगडाच्या पाटीवर टेकवलं आणि बाजूंनी व मागं २५ मिलिमीटर मोकळी फट ठेवली. ही फट कुणी भरू नये म्हणून गवंड्यांना दहादा सांगावं लागतं. उघडी जागा दिसली की थापी जाते.

तुळईच्या जोडीला प्रत्येक कैचीला २० मिलिमीटरची पोलादी सळई टर्नबकलसह, म्हणजे सळई ताणायच्या पेचासह, दिली, फक्त हातानं आवळून. भिंत ओळंब्यात परत ओढा, असा आग्रह बऱ्याच जणांचा होता. तो मानला नाही. दोन पदरी दगडी भिंत झुकते तेव्हा मधला चुरा खाली बसलेला असतो. बाहेरचा पदर ओढला तर तो चुरा आतला पदर फोडतो. ६०० च्या भिंतीत ३८ चा झुकाव सुरक्षित आहे, तो आहे तसा राहिला.

दोन पदर म्हटलं की आपल्याकडं किल्लारी आठवलीच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी घरं बसली त्यातल्या कितीतरी भिंतींत आरपार दगडच नव्हते. दोन पदर वेगळे झाले आणि माळवदाच्या मातीचं वजन वरून आलं. त्या वेळी हा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ च्या मानकात किल्लारीचा परिसर झोन ३ मध्ये आला. आमच्या भिंतीतही आरपार दगड मोजकेच सापडले. म्हणून दर चौरस मीटरला एक याप्रमाणं भोकं घेऊन, आत आकड्याची ८ मिलिमीटर सळई घालून काँक्रीट भरलं. भोक पहारीनं दगड हलवत, सैल करत काढायचं. हातोड्यानं ठोकलं की शेजारचे दगड सुटतात. वळचणीखाली जाळी आणि सिमेंट-वाळूचा २५० मिलिमीटर रुंद पट्टा चारही बाजूंनी फिरवला. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट मला पटत नाही, पण तिथं छपराची सावली आहे, पाणी पोचत नाही, आणि भूकंपात कोपरे उघडू नयेत हे जास्त महत्त्वाचं.

बाकी भिंतीचा सिमेंट गिलावा काढून चुन्याचा केला. एक भाग मुरवलेला चुना, दोन भाग वाळू, एक भाग सुरखी म्हणजे विटांची भुकटी; तीन पातळ थर, वर ओली गोणपाटं. एप्रिलच्या उन्हात हे काम करू नये. चुना घट्ट होण्याआधी कोरडा पडला की पापुद्रे सुटतात.

जुनं हॉकी स्टेडियम नव्या वापराकडं वळवण्याचं मोठं उदाहरण म्हणून टोरंटोच्या मेपल लीफ गार्डन्सचं नाव बैठकीत निघालं होतं. १९३१ मध्ये उघडलेली बर्फावरच्या हॉकीची ती वास्तू. आतलं सगळं काढून २०११ मध्ये खाली किराणा बाजार आला, आणि २०१२ मध्ये वर जुन्या घुमटाखाली विद्यापीठाची बर्फाची रिंक. तसा आत नवा मजला घाला, अभ्यासिकेच्या जागा दुप्पट होतील, अशी सूचना होती. तिथं घुमट पोलादाचा आणि पैसा त्या मापाचा. इथं छपराचा सारा भार दगडी भिंतीवर आहे. मजल्याच्या तुळया त्याच भिंतीत घुसवल्या असत्या तर नव्या खोबणी, नवा भार आणि तेच दुखणं.

पंखे किंगपोस्टच्या सांध्याखाली लटकवले, वाशाच्या मध्ये नाही. वायरिंग भिंतीवरून पाइपात. चुन्यात खाचा पाडल्या नाहीत. उताराचा रस्ता १:१२. स्वच्छतागृह भिंतीपासून दूर, वेगळं.

मैदान हॉकीचंच राहिलं, ९१.४ बाय ५५ मीटर. हे मैदान पूर्वीही काळी माती काढून मुरूम भरूनच केलेलं होतं. वर आलेली माती खरवडून नवा मुरूम पाणी मारून, रोलर फिरवून बसवला. ओसरीसमोरच्या मोकळ्या पट्ट्यात १३ बाय १० चं कबड्डीचं आणि २७ बाय १६ चं खो-खोचं मैदान आखलं. दालनाच्या छपराचं पाणी पन्हळीतून टाकीत जातं. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तरी सव्वा लाख लिटरच्या आसपास होतं, आणि त्यावर मैदानावरची धूळ बसवता येते. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात टँकर मागवून मैदान भिजवणं कुणाला रुचत नाही.

देखभालीसाठी एक वही अभ्यासिकेच्या टेबलावर आहे. मे अखेरीला पन्हळ साफ करायची, सरकलेली कौलं बसवायची, कैच्यांच्या टोकांजवळ टोचा मारून पाहायचा, टर्नबकल सैल झालेत का ते हातानं बघायचं. उतरवलेल्या कौलांतली दोनशे धड कौलं खेळाडूंच्या खोलीच्या मागं उभी रचून ठेवली आहेत. त्या मापाची कौलं आता सहज मिळत नाहीत, आणि वेगळ्या मापाचं एक जरी बसवलं तरी शेजारच्या दोन्हींची खाच नीट बसत नाही आणि तिथून पाणी झिरपायला लागतं.