मंगळसूत्र, आरती आणि कॅनन लॉ

मी नागपूरच्या महाल भागातली, हिंदू, तो कॅथलिक. मला धर्म बदलायचा नव्हता, त्याला लग्न चर्चमध्येच हवं होतं. मी वकील. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याला दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतो, म्हणून मी निवांत होते. पण चर्चचा स्वतःचा कायदा आहे, कॅनन लॉ; त्यातलं प्रत्येक कलम म्हणजे एक कॅनन. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी कॅथलिकानं केलेलं लग्न कॅनन १०८६ प्रमाणे अवैध. बिशप हाउसकडून डिस्पेन्सेशन, म्हणजे सूट, मिळाली तरच ते लागतं.

दाखले, फोटो, लग्नाआधीचं शिबिर यात सांगण्यासारखं काही नाही. चौकशी मात्र लक्षात राहिली. फादरनी आम्हाला वेगवेगळं बसवलं. "कुणाचा दबाव आहे का? हे आयुष्यभरासाठी आहे ना?" रोज उलटतपासणी घेणारी मी, पण उत्तराआधी पाणी प्यायले. मग त्याच्यासाठी वचनाचा कागद: मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी मला शक्य ते सगळं करीन. सही फक्त त्याची. मला नुसती कल्पना दिली. हमी प्रयत्नाची, निकालाची नाही. मसुदा करणाऱ्याला मी मनोमन मानलं.

मग कॅनन लॉची १९८३ची संहिताच वाचायला घेतली. १७५२ कलमं. आपल्या कायद्यांच्या शेवटी बहुधा 'निरसन व व्यावृत्ती' (जुना कायदा रद्द, त्याखाली झालेलं कायम) असते. इथलं शेवटचं कलम धर्मगुरूंच्या बदलीचं, अगदी रुक्ष; पण त्याच वाक्यात पुढे येतं की आत्म्यांचं तारण हाच चर्चमधला सर्वोच्च कायदा. तोवर मी डिस्पेन्सेशनला पळवाट समजत होते. कॅनन ८७ सांगतं, बिशपनं सूट द्यायची ती माणसाच्या आध्यात्मिक भल्यासाठी. म्हणजे कायदा तिथे वाकत नव्हता, आपलं कामच करत होता.

आईचा प्रश्न वेगळाच. "आपलं काई राहीन का त्यात?" फादर म्हणाले, विधीत कुणी मनानं भर घालू शकत नाही, धर्मगुरूही नाही. पण देशातल्या बिशपांच्या परिषदेला स्थानिक रीतींना धरून विवाहविधी रचायची मुभा कॅनन ११२० देतं. आणि आरती, तेलाचे दिवे, हात जोडून वंदन यांना रोमनं भारतासाठी १९६९ सालीच मान्यता दिलीय. आई खूश, मंगळसूत्राची ऑर्डर इतवारीत त्याच आठवड्यात गेली.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, न करता साध्या विधीनं लग्न लागलं. अंगठ्यांबरोबर मंगळसूत्रालाही आशीर्वाद मिळाला.

तुमचंही असं काही ठरत असेल, तर हॉल बुक करण्याआधी फादरना भेटा. डिस्पेन्सेशनचा कागद हातात आल्याशिवाय तारीख छापू नका.