फ्लास्क पिन केलं होतं, वर्कझॉइग मोकळं राहिलं होतं

३ ऑक्टोबर २०२३, मंगळवार. शनिवार, रविवार आणि सोमवारची गांधी जयंती अशी सलग तीन दिवस सुट्टी होऊन गेली होती. चवथीला (गणेश चतुर्थीला) गावी गेलेली मंडळी एकेक करून परतली होती आणि कुणाच्या तरी घरच्या नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा टेबलावर उघडा होता. मी फोंड्याहून कदंबाची बस पकडून पणजीला पाटोवरच्या ऑफिसात पोचले आणि टेस्टिंग सर्व्हरवर नवीन बिल्ड, म्हणजे आमच्या पायथन ॲप्लिकेशनची नवी तयार आवृत्ती, लावायला घेतलं. बिल्ड व्यवस्थित झालं. ॲप्लिकेशन मात्र सुरूच होईना. लॉगची शेवटची ओळ सांगत होती: इम्पोर्ट एरर, वर्कझॉइगच्या युआरएल्स मॉड्यूलमध्ये 'युआरएल_कोट' हे नाव नाही. वर्कझॉइग हे पायथनचं एक पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड.

शुक्रवारी संध्याकाळी हेच कोड याच सर्व्हरवर चालत होतं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा लॉग मी तीनदा पाहिला. सुट्टीत कुणीही एक कमिटसुद्धा केलेलं नव्हतं.

आमची टीम सहा जणांची आणि रिपॉझिटरी (कोडचं कोठार) सगळ्यांची मिळून एकच. तीत छोट्या गेस्ट हाउसवाल्यांसाठी फ्लास्क या वेबसाइटसाठीच्या पॅकेजवर केलेली बुकिंगची वेबसाइट आहे आणि महिन्याचे हिशेब काढणाऱ्या पांडाज या तक्त्यांतला डेटा हाताळणाऱ्या पॅकेजच्या स्क्रिप्ट आहेत. पॅकेजांची यादी 'रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी'मध्ये हाताने लिहिलेली, जेमतेम अकरा ओळींची. काही ओळींत 'बरोबर अमुक व्हर्जन', काहींत 'अमुक किंवा त्यापुढचं', आणि काहींत नुसतं नाव. फ्लास्कपुढे २.२.२ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणून फ्लास्क पक्कं, म्हणजे 'पिन' केलेलं, आहे असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

पिप ही पायथनची पॅकेजं बसवणारी कमांड, आणि 'पिप फ्रीझ' बसवलेल्या पॅकेजांची व्हर्जनांसकट यादी देतं. माझ्या लॅपटॉपवर पिप फ्रीझ चालवलं, सर्व्हरच्या कंटेनरमध्येही चालवलं, आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. लॅपटॉपवर वर्कझॉइग २.२.३, सर्व्हरवर ३.०.०. वर्कझॉइग ३.० आलं ३० सप्टेंबरला, म्हणजे आमच्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी. फ्लास्क २.२.२ ला वर्कझॉइग 'किमान २.२.२' हवं असतं, त्याला वरची मर्यादा नाही. त्यामुळे पिपने जे सगळ्यात नवीन मिळालं ते आणून ठेवलं. त्या नव्या वर्कझॉइगमधून जुनी फंक्शनं काढून टाकलेली होती. २.३ मध्येच त्यांनी तसा इशारा देऊन ठेवला होता, त्यामुळे त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. आमचं फ्लास्क जागेवर होतं; ते ज्याच्यावर उभं होतं त्याचं नावसुद्धा आमच्या यादीत नव्हतं.

एक ओळ वाढवून त्या दिवशीचं काम मार्गी लागलं. पण माझं समाधान होईना. आज वर्कझॉइग गेलं, उद्या दुसरं काहीतरी जाईल.

दुसऱ्या दिवशी मी सरळ पिप फ्रीझची सगळी यादी टीएक्सटी फाइलमध्ये ओतली. शंभरावर ओळी झाल्या. त्यात माझ्या ज्युपिटर नोटबुकची पॅकेजं आली, कधीतरी करून पाहायला घेतलेली आली, न वापरलेलीही आली. मग विंडोजवर काम करणाऱ्या सहकाऱ्याने त्याच्या मशीनवरून तीच फाइल पुन्हा तयार केली, तर तीत पायविनपीटीवाय आलं. ते विंडोजवरच्या टर्मिनलसाठीचं पॅकेज, लिनक्सच्या सर्व्हरवर बसेना. आणि कुठली ओळ आपल्याला खरोखर हवी आहे आणि कुठली तिच्यामागून आली आहे, हे त्या शंभर ओळींकडे पाहून कुणालाच सांगता येईना.

म्हापशाहून येणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे ताईच म्हणतात, त्यांनी ती फाइल पाहिली आणि विचारलं, "यातलं तू मागितलेलं काय नि आपोआप आलेलं काय, ते मला दाखव बघू." मला दाखवता आलं नाही. मग त्यांनी पिप-टूल्स लावून दिलं.

त्याची रीत अशी. दोन फाइली ठेवायच्या. एक 'रिक्वायरमेंट्स डॉट इन', ती आपण लिहायची. तीत फक्त आपल्याला थेट लागणारी पॅकेजं, आणि अट हवीच असेल तर अट. दुसरी 'रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी', ती पिप-कंपाइल ही कमांड तयार करते. तीत प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन असतं आणि ते कुणामुळे आलं हे खाली कमेंटमध्ये लिहिलेलं असतं. आमच्या अकरा ओळींच्या चाळिसावर झाल्या, पण आता प्रत्येक ओळीला आपलं मूळ होतं. वर्कझॉइग, फ्लास्कमुळे. मार्कअपसेफ, जिंजा आणि वर्कझॉइग या दोघांमुळे. सिक्स नावाचं एक पॅकेज मी दोन वर्षं नुसतं पाहत आले होते. ते पायथन-डेटयुटिलमुळे येतं आणि डेटयुटिल पांडाजमुळे, हे मला त्या दिवशी कळलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पहिल्यांदा कंपाइल करताना पिप-कंपाइलसुद्धा सगळ्यात नवीन चालणारं व्हर्जनच उचलतं, आणि फ्लास्कने मर्यादा घातलेली नसल्यामुळे त्यानेही वर्कझॉइग ३.०.० च उचललं असतं. म्हणून ताईंनी इन फाइलमध्ये 'वर्कझॉइग, २.३ च्या खाली' अशी ओळ घातली आणि शेजारी कमेंट लिहिली: फ्लास्क २.२ जुनी फंक्शनं मागतं, फ्लास्क वर नेलं की ही ओळ काढावी. तारीखही घातली. अट घालायची तर तिचं कारण आणि ती कधी उठवायची हे तिथेच लिहायचं, ही शिस्त मला सगळ्यात मोलाची वाटते. पाच महिन्यांनी त्या ओळीकडे पाहणाऱ्या माणसाला दुसरं कुणीही सांगायला येत नाही.

पुढच्याच आठवड्यात दुसरी अडचण उभी राहिली. विंडोजवर कंपाइल केलं की फाइलमध्ये कलरामा यायचं, कारण फ्लास्कमागून येणाऱ्या क्लिक या पॅकेजला ते फक्त विंडोजवर लागतं. लिनक्सवर केलं की ते निघून जायचं. एकाच्या मशीनवर अजून पायथन ३.९ होतं, तिथे इम्पोर्टलिब-मेटाडेटा आणि झिप ही दोन पॅकेजं आणखी वाढायची. प्रत्येक पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल सामील करून घेण्याच्या विनंतीत) त्याच दोनतीन ओळी आत-बाहेर. शेवटी ठरवलं की कंपाइल फक्त एकाच ठिकाणी करायचं: सर्व्हरवर जी आहे तीच पायथन ३.११ ची डॉकर इमेज (ॲप्लिकेशनच्या वातावरणाचा तयार साचा), तिच्या आत. त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली. सीआयमध्येही, म्हणजे बदल आला की आपोआप तपासणी करणाऱ्या व्यवस्थेतही, एक पायरी घातली: इन फाइलवरून पुन्हा कंपाइल करायचं आणि टीएक्सटीत फरक पडला तर बिल्ड थांबवायचं. हाताने टीएक्सटीत केलेला बदल तिथेच पकडला जाऊ लागला.

मग मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना होणारी टक्कर. दोघांनी दोन ब्रँचमध्ये दोन वेगळी पॅकेजं वाढवली आणि टीएक्सटीत गिटने खुणा उमटवल्या. मी त्या हाताने सोडवायला गेले, जमलं नाही, म्हणून फाइल डिलीट केली आणि नव्याने कंपाइल केली. टेस्ट पास झाल्या. संध्याकाळी हिशेबाच्या स्क्रिप्ट पडल्या: डेटाफ्रेमला (पांडाजच्या तक्त्याला) 'अपेंड', म्हणजे ओळी जोडायचं फंक्शन, नाही. पांडाज १.५.३ वरून थेट २.१ वर गेलं होतं, आणि पांडाज २.० पासून डेटाफ्रेमचं अपेंड काढून टाकलेलं आहे. त्या स्क्रिप्टना टेस्टच नव्हत्या.

कारण असं की पिप-कंपाइल आधीची टीएक्सटी फाइल वाचतं आणि जमेल तितकी तीच व्हर्जनं कायम ठेवतं. ती फाइल म्हणजे त्याची स्मरणशक्ती. मी ती पुसली, म्हणून त्याने सगळंच ताजं निवडलं. तेव्हापासून आमचा नियम: कॉन्फ्लिक्ट आला तर मेन ब्रँचची टीएक्सटी जशीच्या तशी घ्यायची, इन फाइल हाताने जुळवायची आणि त्यावर कंपाइल करायचं. एकच पॅकेज वर न्यायचं असेल तर 'अपग्रेड-पॅकेज' हा पर्याय देऊन तेवढंच न्यायचं. आणि इन फाइलमध्ये दुसरी सकारण ओळ आली: पांडाज, २ च्या खाली, स्क्रिप्टमधले अपेंड बदलेपर्यंत.

नंतर हॅशही घातले; हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण. प्रत्येक पॅकेजच्या फाइलचा हॅश टीएक्सटीत नोंदला की डाउनलोड झालेली फाइल तीच आहे याची पिप खात्री करून घेतं. मला हे हवंच होतं. पण हॅश एकदा लावले की ते सगळ्या ओळींना लागतात, आणि गिटवरून थेट घेतलेल्या पॅकेजचा हॅश पिपला काढता येत नाही. आमची स्वतःची एक लायब्ररी गिटवरूनच यायची. ती यादीतून बाहेर काढून, तिची डिपेंडन्सी (तिला लागणारी इतर पॅकेजं) न ओढता, वेगळ्या कमांडने लावावी लागली. विंडोजवाल्या सहकाऱ्याचं तर इन्स्टॉलच थांबलं, कारण त्याच्याकडे लागणारं कलरामा आमच्या यादीत नव्हतं. तो विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलवर आला आणि तो प्रश्न संपला.

पिन केलं म्हणजे काम संपलं, असं मात्र समजू नये. बांधून ठेवलेल्या जुन्या व्हर्जनमध्ये सुरक्षेच्या त्रुटी सापडत राहतात. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी आम्ही अशा त्रुटी शोधणारं पिप-ऑडिट चालवतो आणि जे वर न्यायचं ते एकेका पॅकेजच्या वेगळ्या पुल रिक्वेस्टने नेतो. दहा पॅकेजं एकदम हलवली आणि काही मोडलं, तर शोधायचं कुठे?

१६ जून २०२४ ला नमपाय २.० आलं; नमपाय म्हणजे पांडाज ज्याच्यावर उभं आहे ते पॅकेज. पावसाचे दिवस, वाळपईहून घरून काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्याची वीज दिवसातून चारदा जायची. त्या आठवड्यात आम्ही तीनदा बिल्ड लावलं आणि तिन्ही वेळा ते बिनबोभाट झालं. नमपाय टीएक्सटीत १.२६ वरच होतं. मोडलं ते एकाच ठिकाणी. नवीन आलेल्या मुलाने टीएक्सटी न वापरता लॅपटॉपवर पांडाज १.५.३ थेट टाकलं होतं, आणि त्या पांडाजने नमपायला वरची मर्यादा घातलेली नाही. एरर आली: डीटाइपचा (नमपायमधल्या डेटाच्या प्रकाराचा) आकार बदलला आहे, अपेक्षित ९६, मिळाला ८८. तो घाबरून माझ्याकडे आला. मी त्याला खुर्ची दिली, त्याचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरती पॅकेजांची वेगळी जागा) पुसायला लावलं आणि टीएक्सटीवरून नव्याने इन्स्टॉल करायला सांगितलं. चार मिनिटांत त्याच्या स्क्रिप्ट चालू लागल्या. मग त्याला दोन्ही फाइली उघडून दाखवल्या आणि विचारलं, "यातलं आपण मागितलेलं काय आणि आपोआप आलेलं काय, ते सांग बघू."

त्याने नमपायच्या ओळीवर बोट ठेवलं, खालची कमेंट वाचली आणि म्हणाला, "हे पांडाजमुळे." पुढच्या महिन्यात त्यानेच स्क्रिप्टमधले अपेंड एकेक करून बदलले, त्यांना टेस्ट लिहिल्या, आणि इन फाइलमधली पांडाजची अट तिच्या कमेंटसकट काढून टाकली.