थरथर अखेर सापडली (डब्ल्यू १२४ वर सोळा इंची चाकं, भाग ४)

मंडळी, थरथर गेली! ताशी ८० ते १०० च्या मध्ये स्टिअरिंगला जी हुडहुडी भरायची, ती काल थांबली. गेले तीन आठवडे मी टायरला शिव्या घालत होतो आणि बिचाऱ्या टायरचा यात काडीचाही दोष नव्हता.

मागचे भाग विसरला असाल तर थोडक्यात: गाडी माझी जुनी मर्सिडीज, डब्ल्यू १२४. मूळ चाकं ६.५ जे × १५ (रिमची रुंदी आणि व्यास, इंचात), ईटी ४९ (चाक हबला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर; ईटी कमी तेवढं चाक बाहेर येतं). आता चढवलेली डब्ल्यू २११ ची, म्हणजे नंतरच्या मर्सिडीजची, ७.५ जे × १६, ईटी ४२, टायर २०५/५५. व्यास जुन्या १९५/६५ आर १५ पेक्षा जेमतेम अडीच मिमी कमी, त्यामुळे स्पीडोमीटरची तक्रार नाही. पीसीडी (बोल्टांच्या भोकांचं वर्तुळ) तोच, ५ × ११२: पाच भोकं, ११२ मिमीचं वर्तुळ. ‘लावलं की बसलं’ असं मीच भाग २ मध्ये लिहून ठेवलंय. ते वाक्य मागे घेतो.

नव्या रिमची आतली कड मूळच्यापेक्षा पावणेसहा मिमी आत जाते. पुढच्या बाजूला टायर स्ट्रटला (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याला) टेकायच्या बेतात होता, म्हणून चारही चाकांना १० मिमीचे सपाट स्पेसर (हब आणि चाकाच्या मधली चकती, चाक बाहेर ढकलणारी) टाकले आणि तिथूनच हुडहुडी सुरू झाली. तीनदा बॅलन्सिंग केलं. तिन्ही वेळा मशीनवर शून्य.

आता यातली गंमत बघा. मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून धरतात, म्हणजे तिथे ते मध्यावर असणारच. गाडीवर ते मध्यावर बसलंय का, हे मशीनला कुठून कळणार? शेवटी डायल गेज (बारीक हेलकावा मोजणारं काट्याचं माप) लावलं, तर पुढचं डावं चाक ०.७ मिमी हेलकावत होतं. ९० च्या वेगाला हे चाक सेकंदाला साडेबारा फेऱ्या मारतं. हाताला मुंग्या येतील नाही तर काय.

कारण एक नाही, दोन निघाली. पहिलं: हबची (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाची) जी कड चाकाला मध्यावर धरते, ती १० मिमीच्या स्पेसरने जवळजवळ गिळून टाकली होती. बाहेर उरला तो फक्त तिचा उतरता भाग. सपाट स्पेसरला स्वतःची कड नसते, त्यामुळे चाक निव्वळ पाच बोल्टांवर लटकलेलं. बरं, बोल्टांनी तरी नीट धरावं? जुन्या गाडीचे बोल्ट एम १२ × १.५ (१२ मिमी जाड, एका फेरीत १.५ मिमी आत जाणारे), बॉल सीट, म्हणजे डोक्याखालचा चाकाच्या खळग्यात बसणारा गोलावा, आर १२ (त्रिज्या १२ मिमी). डब्ल्यू २११ ची चाकं एम १४ बोल्टांची, सीट आर १४. लहान गोलावा मोठ्या खळग्यात. सीटला मार्करची शाई फासून बोल्ट ११० न्यूटन मीटरला आवळला आणि परत काढला, तर शाई फक्त दोऱ्याएवढ्या बारीक रेघेवर पुसलेली! ती रेघ बघून पोटात गोळाच आला. यावर मी तीन आठवडे गाडी हाकत होतो. (स्पेसर विकणारा ‘युनिव्हर्सल आहे, कशालाही बसतो’ म्हणाला होता. युनिव्हर्सल म्हणजे कशालाच धड न बसणारा, हे माझं मत आता पक्कं.)

उपाय: एम १२ आटे पण डोक्याखाली आर १४ गोलावा असलेले लांब बोल्ट आणि ६६.६ मिमीची स्वतःची कड असलेले १२ मिमीचे स्पेसर. हबचा गंज तारेच्या ब्रशने घासला, बोल्ट हाताने फिरवून आटे मोजले (आठ फेऱ्या म्हणजे १२ मिमी, त्याखाली मी जात नाही) आणि पुन्हा शाई फासली. या वेळी शाई चांगल्या रुंद पट्ट्यात पुसली गेली. डायल गेज ०.१. काल १०० पर्यंत नेली, स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून. काही नाही! परतताना रेडिओसुद्धा लावला नाही, शांतता ऐकत आलो. ५० किमीनंतर बोल्ट पुन्हा आवळून घेतले.

पण मागे दोन माणसं बसली की उजव्या मागच्या चाकाच्या कमानीला टायर चाटतो. हे लिहिता लिहिता उठून मागची मापं परत घेतली. मागे आतल्या बाजूला भरपूर जागा आहे, स्पेसर मुळात लागतच नव्हता! पुढे लागला म्हणून मागेही टाकला, एवढंच. तो आता काढायचा. मात्र लांब बोल्ट तसेच ठेवून चालणार नाही, आतून हँडब्रेकच्या शूपर्यंत पोचतील. आर १४ चेच आखूड बोल्ट मागवलेत. मूळचे आखूड बोल्टही डिकीत ठेवलेत. स्टेपनी जुनी पंधरा इंचीच आहे, तिला तेच लागणार.

आणि पुढच्या चाकांचं काय? १२ मिमीमुळे ईटी ३० वर आलाय, रस्त्यातल्या चाकोरीत स्टिअरिंग ओढतं. आत्ता हिशेब मांडला: ५ मिमीचा स्पेसर टाकला तर रिमची आतली कड मूळच्यापेक्षा पाऊण मिमीसुद्धा आत जात नाही, आणि हबची कडही बरीच बाहेर उरते. टायर रुंद आहे, तेवढीच धाकधूक. रविवारी स्ट्रटला खेळण्यातली माती थापून स्टिअरिंग पूर्ण लॉकपर्यंत फिरवून बघतो. माती किती चेपली त्याचं माप भाग ५ मध्ये.