मलप्रभेच्या खोऱ्यातून सायकलवर: बेळगाव–जांबोटी–कणकुंबी–खानापूर

बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या चोर्ल्याच्या रस्त्याचं नाव काढलं की जो तो पावसाळ्यात जायला सांगतो. धबधबे, धुकं, हिरवेगार डोंगर, सगळं खरं आहे. पण ते गाडीत बसून बघणाऱ्यांसाठी. रोड बाईकवर ओल्या डांबरावर उतार आला की जीव मुठीत, आणि पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल आहे हे चाक आत गेल्यावरच कळतं. माझं विचाराल तर हे खोरं दिवाळीच्या आगेमागे करावं. भात पिवळं पडलेलं असतं, ओढ्यांना अजून पाणी असतं, हवेत गारवा असतो आणि रस्त्यांची थोडीफार डागडुजी झालेली असते. आम्ही तिघं नोव्हेंबरात गेलो, सुगीच्या ऐन धांदलीत.

वाट अशी: बेळगाव, पिरनवाडी, किणये, बैलूर फाटा, कुसमळी, जांबोटी, तिथून कणकुंबी, परत जांबोटी, मग खानापूर, आणि हायवे टाळून गर्लगुंजी, नंदिहळ्ळी, येळ्ळूरवरून घरी. सगळं मिळून एकशेदहा-पंधरा किलोमीटरच्या घरात जातं. एवढं नको असेल तर कणकुंबी गाळा, जांबोटीवरूनच खानापूरकडे वळा. पाऊणशे किलोमीटरात फेरी पुरी होते आणि दुपारच्या जेवणाला घरी पोचता.

बेळगावातल्या आरपीडी कॉलेजवरून उजाडता उजाडता निघालो. तिसरं रेल्वे गेट आणि उद्यमबाग ही दोन ठिकाणं कारखान्यांची पाळी सुरू व्हायच्या आत मागं टाकायची, एवढा एकच नियम पाळा. पिरनवाडीला हायवे सोडून उजवीकडे जांबोटीचा रस्ता धरला की गर्दी एकदम विरळ होते. किणयेपर्यंत दोन्ही बाजूला भात आणि रताळ्याची रानं. या पश्चिम भागातली रताळी फार लांबवर जातात. पोती भरलेला ट्रॅक्टर पुढं असला तर त्याच्या मागं चिकटून जाऊ नका, एखादं रताळं कधी सुटून चाकाखाली येईल याचा नेम नाही.

किणये सोडल्यावर चढ लागतो. घाट म्हणावा असा नाही, पण संपतही नाही. वर गेलो असं वाटेपर्यंत उतार येतो आणि कमावलेलं सगळं खर्च होतं. बैलूरच्या या डोंगरात मार्कंडेय नदी उगम पावते. तिचंच पाणी राकसकोपच्या धरणातून बेळगावच्या नळाला येतं, पुढं ती गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मात्र सगळं पाणी मलप्रभेचं. शेजारी जन्मलेल्या या दोन नद्यांचं पाणी पार बागलकोट जिल्ह्यात, कृष्णेत गेल्यावर एकत्र येतं. सायकलवर ही पाणलोटाची रेघ पायाला कळते: फाटा ओलांडला की पाय थांबवून कुसमळीच्या पुलापर्यंत सरळ खाली. उतारावर वळणं आहेत आणि समोरून गोव्याचे ट्रक येतात, तेव्हा ब्रेकवरची बोटं काढू नका.

जांबोटीला नाष्टा करून घ्या. इडली-वडा, पुरीभाजी, चहा, साधंच पण गरम. पुढं कणकुंबीपर्यंत अठरा-वीस किलोमीटर धड काही मिळेल असं धरू नका, आणि मोबाईलची रेंजही मधे मधे जाते. घरी कळवायचं ते इथूनच कळवा. हॉटेलात शेजारी बसलेल्या एका आजोबांनी आमच्या हेल्मेटांकडे बघत विचारलं, "खट्टे चल्लासा वो?" म्हणजे कुठं निघालात. कणकुंबी म्हटल्यावर त्यांनी बाहेर टेकवलेल्या तिन्ही सायकली नीट न्याहाळल्या आणि म्हणाले, "मोटरसायकल बंद पडली काय?" पाट्या कन्नडमध्ये असल्या तरी या पट्ट्यात मराठीत विचारलं की वाट कुणीही सांगतं. फक्त "जवळच हाय" यावर विसंबू नका. त्यात एक किलोमीटरही बसतो आणि सातही.

जांबोटी ते कणकुंबी हा या फेरीचा गाभा. दोन्हीकडे दाट झाडी, मधेच एखादं भाताचं खाचर, रस्ता सतत वर-खाली. सकाळी नवाच्या आत इथं असाल तर रानकोंबड्यांचा आवाज ऐकू येतो. उशीर केलात तर गोव्याला निघालेल्या गाड्यांचा. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच. रविवारी संध्याकाळी गोव्याहून परतणाऱ्यांची जी घाई असते, तिच्यासमोर सायकल घेऊन जायला मी कुणाला सांगणार नाही. अंधार पडल्यावरही इथं रेंगाळू नका. भीमगड अभयारण्याचं रान लागूनच आहे, गवे रस्त्यावर येतात, आणि वळणावर उभा असलेला गवा सायकलच्या दिव्यात दिसेपर्यंत फार जवळ आलेला असतो.

कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम. सौंदत्तीला नविलुतीर्थाच्या धरणात अडणारी, पुढं कूडलसंगमाला कृष्णेत मिळणारी तीनशे किलोमीटरची नदी इथं सुरू होते. चप्पल-बूट बाहेर काढा. पॅडलला अडकणारे क्लीटचे बूट घालून दगडी फरशीवर चालायचा प्रयत्न केलात तर घसराल, आणि ते बरंही दिसत नाही. गावाच्या आसपास पडणारं पाणी कुठल्या समुद्राला जायचं यावरून तीन राज्यांचं भांडण आहे. पश्चिमेकडचा कळसा नाला म्हादईला मिळून अरबी समुद्रात जातो. तो वळवून मलप्रभेत आणायचा, हा कळसा-भांडुरा प्रकल्प. २०१८ साली म्हादई लवादानं कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, तरी वाद मिटलेला नाही. कालव्याच्या खोदाईच्या खुणा कणकुंबीत बघायला मिळतात. त्यांच्यापुढं उभं राहून फोटो काढण्यात मला तरी रस वाटला नाही.

इथून पुढं चोर्ला आणि घाट उतरून गोवा. पाय शिवशिवले तरी परत फिरा. उतरलेलं सगळं पुन्हा चढावं लागतं आणि घाटातल्या वळणांवर सायकलला बाजूला व्हायला जागा नसते. द्राक्षांच्या मळ्यांतून सायकल चालवायची हौस असेल तर ती आपल्या जिल्ह्यात पार अथणीकडे भागते, इकडं फळ म्हणजे काजू. एप्रिल-मे मध्ये याल तर काजूच्या बोंडूंचा, म्हणजे फळांचा, आंबूस-गोड वास रस्ताभर सोबत करतो. त्यांची फेणी घाटाच्या पलीकडे होते, २००९ साली गोव्याच्या फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पाण्याच्या बाटलीतून ती इकडं आणायची कल्पना मात्र सुचू देऊ नका, कणकुंबीला चेकपोस्ट आहे.

परत जांबोटीला येऊन खानापूरचा रस्ता धरला आणि पुढचा तासभर फेरीतला सगळ्यात मजेचा गेला. एकूण कल उताराचा, वाहनं कमी, नदी कधी डावीकडे तर कधी झाडीआड. फक्त सुगीत एक गोष्ट सांभाळा. लोक भाताच्या पेंढ्या रस्त्यावर पसरतात, गाड्यांच्या चाकांखाली मळणी आपसूक होते. सायकलचं मात्र वाटोळं होतं: पेंढ्याची एक काडी मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, छोट्या चाकात शिरते, तिच्यामागून दुसरी, आणि दहा-वीस पॅडलात तिथं घट्ट दोरीसारखा पीळ बसतो. चेन दात सोडायला लागते. आमच्यातल्या एकानं तो पीळ नखांनी उपसून काढला, शेवटचं टोक चिमटा नसल्यानं दातांनी ओढलं. शेजारी दाताळं घेऊन उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "उतरून बाजूनं जावा की." तेच बरोबर आहे. तिथं वर्षाचं धान्य पडलेलं असतं. उतरा, सायकल उचला आणि कडेनं चला.

खानापूर कौलांचं आणि मातीकामाचं गाव. जेवण इथंच उरका. वेळ असेल तर नदीकाठचं असोगा जवळ आहे, रामलिंगाच्या देवळापाशी पाण्यात पाय सोडून बसता येतं. हलशी मात्र या फेरीत कोंबू नका. गोव्याच्या कदंबांची ती दुसरी राजधानी, भूवराह नरसिंहाचं देऊळ निवांत बघावं असं आहे. नंदगडची संगोळ्ळी रायण्णांची समाधी जोडून त्यासाठी वेगळा दिवस काढा. दमला असाल तर लाजू नका, खानापुरात रेल्वे स्टेशनही आहे आणि बेळगावच्या बसही भरपूर.

खानापूर बेळगावपेक्षा जवळपास शंभर मीटर खाली आहे, म्हणजे शेवटचा टप्पा चढाचा. ही गोष्ट नकाशा बघून लक्षात येत नाही आणि उन्हात चांगलीच जाणवते. गणेबैलच्या टोलनाक्यावरून जाणारा चौपदरी हायवे गुळगुळीत आहे, पण भरधाव आणि कंटाळवाणा. गर्लगुंजी, नंदिहळ्ळीचा रस्ता थोडा लांब आणि खडबडीत, तरी मी तोच सांगेन. समोर राजहंसगड दिसत राहतो, त्यावरचा २०२३ मध्ये उभारलेला शिवरायांचा पुतळा लांबूनच ओळखू येतो. गडाचा चढ छोटा पण उभा आहे. शंभर किलोमीटर झाल्यावर चढायचा की नाही ते मांड्यांना विचारा. पुढं येळ्ळूरचं शिवार, बेळगाव बासमतीचं माहेर.

सामानाचं थोडक्यात: टायर २८ मिलिमीटरच्या खाली नको, ३२ असेल तर गर्लगुंजीच्या रस्त्यावर मला दुवा द्याल. मागं निदान ३२ दातांचं गिअर असावं. दोन ट्यूब, पंप आणि पॅचेस घेऊनच निघा. खानापुरात पंक्चर काढून मिळेल, पण रोड बाईकला लागणारी बारीक प्रेस्टा वॉल्वची ट्यूब मिळेल याच्या भरवशावर राहू नका. पाण्याच्या दोन बाटल्या, मागचा लाल दिवा दिवसाही चालू, आणि खिशात पाच-दहाच्या सुट्या नोटा, कारण रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत. आणि हो, एक चिमटा.